फळ्याची पाठ

हॉटेल विकलं, पण फळा आमचा,
असं वडिलांनी कागदात लिहून घेतलं
आणि मग मलाच विचारलं, तू काय करणार त्याचं?

आता तो गॅरेजात, दोन पिंपांवर आडवा,
आणि मी पातं घेऊन खरवडते आहे.
बाहेर दुलुथचं बंदर, धुकं, एक जहाज भोंगा देतंय
कुणी उत्तर देत नाही तरी.

दर वाढले की जुन्यावर रंग मारायचा, ही आमची रीत.
पुसायचं नाही. आजोबा म्हणत,
पुसलं की गिऱ्हाइकाला वाटतं, काहीतरी लपवलं.

वरचा थर माझा. सूप, साडेसहा डॉलर.
खाली वडील: सूप दोन डॉलर, आणि अंड्याच्या स्पेलिंगमध्ये
एक जी कमी. लोक हसायचे.
वडील म्हणायचे, अंडी तर दोन देतो ना?
पोलादाचा कारखाना बसला ती ही वर्षं.
डाउनटाउनच्या काचांवर प्लायवुड चढलं,
दुपारच्या ऐन वेळी आत तीन माणसं,
त्यातला एक पोस्टमन, तोही ऊब घ्यायला.
एकतीस वर्षं आमच्याकडे वाढणारी रगन्हिल्ड
पगाराचं नाव न काढता कप पुसत राही,
पुसलेलेच.

त्याखाली हिरवा. पंधरा सेंट.
आजोबांचं अक्षर, होडीवर नाव रंगवावं तसं जाड.
थ्रासिवूलोस हे नाव गोदीत कुणाच्या जिभेवर बसेना,
फिनलंडच्या तोइव्होने त्याचं ट्रेसी केलं
आणि साखरेचा खडा दातात धरून
बशीतून कॉफी ओढत राहिला, जणू बारसं त्याच्याच घरचं.
संपात तोच तोइव्हो सात महिने उधारीवर जेवला.
फेडली त्याने माशांनी:
गोठलेल्या तळ्याला भोक पाडून काढलेले,
वर्तमानपत्रात गुंडाळलेले, दर शुक्रवारी.
आमच्या शुक्रवारच्या माशांची कीर्ती गावभर.
पाककृती कुठली, लोक विचारत.
उधारीची, असं कोणी सांगितलं नाही.

मग फळा उलटा केला, कीड लागली का ते बघायला.

हा फळा टांगलेला होता गल्ला आणि चुलीच्या मधे.
गावाने एक बाजू वाचली ऐंशी वर्षं.
दुसरी होती आजीकडे.
तेलाने पिवळी, धुराने काळी, आणि त्यावर पेन्सिल,
बारीक, तिरपी, ग्रीक अक्षरं.
मला येतात ती वाचता, अडखळत, रविवारच्या शाळेपुरती.
मोठ्याने वाचलं, तर शब्द ग्रीक नव्हतेच.

कॉफी ब्लॅक.
मोर ब्रेड.
वॉच योर स्टेप.

एव्हान्थिया. फटीतून ताटं सरकवणारे दोन हात.
पहिली काही वर्षं लोकांना वाटे, ट्रेसीची बायको मुकी आहे.
'ब'ला त्यांच्यात एकटं अक्षर नाही,
'म' आणि 'प' शेजारी बसवून तिने प्रत्येक 'ब' भागवला.

सगळ्यात खाली, चुलीवरून वाकल्याशिवाय दिसणार नाही असं,
एकच वाक्य. चारदा लिहिलेलं, तीनदा खोडलेलं:
हाउ इज योर बॉय.

कुणाचा मुलगा?
रोज त्या फटीसमोर कोण येऊन बसत होतं
ज्याला हे विचारायचं होतं तिला,
कांदा परतताना, ओठातल्या ओठात,
चुकू नये म्हणून?

वडिलांना फोन केला.
म्हणाले, काहीतरीच. आईला इंग्रजी कुठे येत होतं.
मग बराच वेळ नुसता त्यांचा टीव्ही ऐकू आला.
तोइव्होचा एक होता, म्हणाले, छातीने आजारी...
नाही, तो दुसऱ्या कुणाचा तरी.

ती विचारू शकली का, तेही फळ्यावर नाही.

पातं धुऊन ठेवलं.
पुढची बाजू अर्धी हिरवी, अर्धी माझी.
शुक्रवार आहे. घरात मासे नाहीत.